ओहायोच्या चिखलातल्या काड्या: ब्रायोझोआचं फॉसिल हातात आलं तर ते वाचायचं कसं

ओहायोतल्या सीझर क्रीकच्या स्पिलवेवर (धरणाच्या सांडव्यावर) गेलेला प्रत्येक माणूस ट्रायलोबाईट, म्हणजे किड्यासारखा दिसणारा जुना समुद्री प्राणी, शोधत असतो. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं, वाकून वाकून कंबर गेली, हाताला काय लागलं तर अर्धी शेपटी. आणि ज्या खडीवर उभा राहून शोधत होतो ती निम्मी खडी ब्रायोझोआची होती हे कळायला साताऱ्याहून आई यावी लागली. तिला चालायचा कंटाळा, ती एका जागी बसून हाताला येईल ते गोळा करत राहिली, तासाभराने माझ्यापुढे ओंजळ धरली नि म्हणाली, "अरे, इथं सगळ्या चुलीतल्या काड्याच आहेत की. आणि बघ, प्रत्येक काडीला सुईने टोचल्यासारखी भोकं."

त्या भोकांपासूनच सुरुवात करू.

ब्रायोझोआ (एकवचनी ब्रायोझोअन) म्हणजे समुद्रातले (थोडे गोड्या पाण्यातलेही) बारके प्राणी, एकेक जण साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून लहान, पण एकटा सहसा राहत नाही, चाळ (कॉलनी) करून राहतो. चाळच म्हणा, कारण खोलीला खोली चिकटून, भिंत सामायिक, आणि प्रत्येक खोलीचं तोंड बाहेरच्या गॅलरीत. एका खोलीत एक प्राणी, त्याला झूइड म्हणतात. तो तोंडाभोवतीच्या बारीक दोऱ्यांची फनेलसारखी छत्री बाहेर काढतो, पाणी आत ओढतो, त्यातलं खायचं ते खातो, धोका वाटला की झटक्यात आत. प्राणी मेला, कुजला, पण कॅल्साइटची (चुनखडीच्याच खनिजाची) चाळ राहिली. आईने दाखवलेली भोकं म्हणजे त्या खोल्यांची दारं.

आता ओहायो का, तर सिनसिनाटीच्या आसपासचा दगड साधारण 45 कोटी वर्षांपूर्वीचा आहे, ऑर्डोव्हिशियन काळाच्या शेवटाकडचा, तेव्हा हा सगळा भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि इथं उथळ कोमट समुद्र होता. तळाला चिखल, मधूनमधून मोठी वादळं, वादळ आलं की शिंपले नि तुटलेल्या फांद्या एकत्र लोटून थर बसायचा, मग परत शांत चिखल. म्हणून इथल्या कुठल्याही रस्त्याकडेच्या कापात चुनखडी-शेल-चुनखडी-शेल असा पापुद्र्यांचा प्रकार दिसतो. शेल म्हणजे चिखलाचाच झालेला मऊ दगड, तो पावसाने भुगा होऊन वाहून जातो आणि आतली काडी धुऊन बाहेर पडते, आपल्याला फक्त उचलायची.

उचलायच्या आधी नियम बघा. सीझर क्रीकला व्हिजिटर सेंटरमधून फुकट परमिट घ्यावं लागतं, हातोडी-छिन्नी चालत नाही, तळहातापेक्षा मोठं काही न्यायचं नाही, विकायचं तर अजिबात नाही. मुलं लहान असतील तर शॅरनव्हिलचं ट्रॅमल फॉसिल पार्क सोपं, दहा एकरांची उघडी टेकडी आहे, गोळा केलेलं घरी नेता येतं. सामान फार लागत नाही: 10 एक्सचं लूप (घड्याळवाले डोळ्याला लावतात तसलं), पाण्याची स्प्रे बाटली, झिपलॉक पिशव्या, मार्कर. स्प्रे बाटली विसरू नका. कोरडं ब्रायोझोअन म्हणजे राखाडी खडा, ओलं केलं की भिंती नि दारं एकदम उठून दिसतात.

पहिला प्रश्न, हे ब्रायोझोअनच आहे का. सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो क्रिनॉइडच्या (फुलासारखा दिसणारा, दांडीवर उभा समुद्री प्राणी) दांड्याशी. क्रिनॉइडची दांडी म्हणजे चकत्यांची चवड, बाजूने बघितलं तर आडव्या रेघा आणि टोकाला मधोमध एक भोक. ब्रायोझोआच्या काडीला आडव्या रेघा नाहीत, मधलं भोक नाही, बाजूलाच सगळीकडे बारीक ठिपके. दुसरा गोंधळ कोरलशी. तिथं भोकाचं माप बघायचं. दार नुसत्या डोळ्याने सहज दिसतंय, आत ताऱ्यासारखे पडदेही दिसतायत, तर ते कोरल. दार दिसायला लूप काढावं लागतंय तर बहुतेक ब्रायोझोअन. या गोंधळात लाजायचं काही नाही, एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे लोक सिनसिनाटीच्या याच काड्यांवरून भांडत होते की हे कोरल की ब्रायोझोआ. त्या भांडणाचा निकाल कसा लागला ते खाली येतंच.

घरी आणल्यावर धुवायचं, फक्त पाणी आणि जुना टूथब्रश. चिखल घट्ट असेल तर पूर्ण वाळवा, मग पाण्यात टाका, परत वाळवा, परत टाका, शेल आपोआप सुटत जातो. मी शहाणपणा करून पहिली बॅच व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवली होती, कोणीतरी सांगितलं होतं की दगड स्वच्छ होतो. झाला की स्वच्छ, इतका की सकाळी भोकंच राहिली नव्हती, सगळ्या काड्या चोखलेल्या गोळ्यांसारख्या गुळगुळीत. चाळ कॅल्साइटची, व्हिनेगर तिलाच खातं.

आता मुख्य काम. लोक काय करतात, वरची बाजू छान दिसते म्हणून तीच बघत बसतात. माझं म्हणणं असं की पहिल्यांदा फॉसिल उलटं करा. कॉलनी कुठं नि कशावर सुरू झाली हे खालच्या बाजूला लिहिलेलं असतं आणि बाकीचं सगळं त्यावर अवलंबून असतं. कारण ब्रायोझोआची अळी पोहत येते, तिला बसायला टणक जागा लागते, चिखलात बसली तर मेली. चिखलाच्या समुद्रात टणक जागा कुठं, तर शिंपल्यावर, दुसऱ्या ब्रायोझोआवर, किंवा जिथं तळच घट्ट दगड झालाय तिथं. अळी एकदा चिकटली की तिचं रूपांतर पहिल्या झूइडमध्ये होतं, मग त्याच्या कडेने कळ्या फुटल्यासारखे पुढचे झूइड, त्यांच्या कडेने आणखी. म्हणजे सगळी चाळ एकाच मूळ भाडेकरूच्या नकला, हजारो.

आणि तो कोरलचा वाद याच खालच्या बाजूने मिटला. 1912 मध्ये एडगर रॉस्को कमिंग्ज या अमेरिकन माणसाने या दगडी काड्यांच्या कॉलनीचा अगदी पहिला टप्पा, म्हणजे तळातला पहिला झूइड आणि त्याच्याभोवतीच्या पहिल्या कळ्या, असं सगळं बारकाईने दाखवलं. सुरुवात हुबेहूब ब्रायोझोआसारखी होती. फांदीच्या वरच्या टोकाकडे बघून हे ठरलं नसतं.

तर उलटं करून काय शोधायचं? समजा खाली खोलगट आहे आणि त्यावर बारीक उभ्या रेघा उमटल्यायत, तर शिंपल्यावर वाढ झाली. शिंपला अजून चिकटलेला असेल तर तो बहुतेक ब्रॅकिओपॉड (दोन शिंपल्यांचा, पण कालवांपेक्षा वेगळ्या कुळातला प्राणी), कारण त्याचं कवच कॅल्साइटचं असतं आणि टिकतं. पण कधीकधी शिंपला गायब आणि ब्रायोझोआच्या पोटावर त्याचा स्वच्छ ठसा, जसा साबणावर नाण्याचा उठावा तसा. असं दिसलं तर ती वस्तू फेकू नका! ते कवच अ‍ॅरागोनाइटचं (कॅल्साइटपेक्षा लवकर विरघळणाऱ्या खनिजाचं) होतं, तिसऱ्यांच्या जातीचं किंवा लांब सरळ शंखाच्या सेफॅलोपॉडचं (ऑक्टोपसच्या नात्यातल्या प्राण्याचं), ते त्या समुद्राच्या तळावरच विरघळून गेलं आणि त्याची एकमेव आठवण या भाडेकरूंच्या पायाखाली राहिली. कितीतरी शिंपल्यांची नक्षी आपल्याला अशीच मिळते.

ब्रॅकिओपॉड सापडलाच तर अजून एक गंमत बघता येते, तो जिवंत होता की मेलेला. दोन शिंपल्यांच्या मधल्या फटीकडे बघा. ब्रायोझोआचा थर फटीपाशी येऊन नीट थांबलाय तर शिंपला बहुधा तेव्हा उघडत-मिटत होता. थर फटीवरून बिनधास्त पलीकडे गेलाय तर मालक आधीच वारलेला. शिंपल्याच्या आतल्या बाजूला थर असेल मग तर प्रश्नच नाही. आणि थर सगळीकडून, वर-खाली-बाजूला, लाडवासारखा गोल बसलाय, तर ती वस्तू तळावर लोळत होती, कधी ही बाजू वर तर कधी ती.

खालची बाजू झाली की तुटलेलं टोक. अख्खी फांदी मिळाली नाही म्हणून रडू नका, तुटकीच बरी, आतलं दिसतं. ओलं करा, लूप लावा. मधे पातळ भिंतींची, मधमाशीच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी दिसेल, आणि कडेला जाड भिंतींच्या नळ्या बाहेरच्या दिशेने वळलेल्या, छत्रीच्या काड्यांसारख्या. मधला भाग म्हणजे फांदी घाईघाईने उंच जात असतानाचा, भिंती जेमतेम. कडेचा भाग म्हणजे उंची मिळाल्यावर नळ्या बाजूला वळल्या, वेग कमी झाला, मग भिंती जाड करत बसले. आतल्याला एंडोझोन आणि बाहेरच्याला एक्झोझोन म्हणतात. जाड कडा आणि छोटा गाभा दिसला तर तो कॉलनीचा बराच जुना भाग, नुसता गाभा आणि कड अगदी पातळ तर ते वाढतं टोक. म्हणजे एकाच चाळीचे दोन तुकडे वेगवेगळे दिसू शकतात, दोन जाती समजून दोन डब्यांत टाकू नका, मी टाकले होते.

नळीच्या आत आडव्या फरश्याही असतात, उसाच्या पेरांसारख्या. त्यांचं कारण मला फार आवडतं. नळी बाहेरच्या बाजूने लांब होत जाते पण प्राणी तेवढाच राहतो, मग तो काय करतो, थोडं वर सरकतो आणि मागे फरशी घालून घेतो. परत नळी वाढली, परत सरकला, परत फरशी. राहणारा कायम दारापाशी, मागे बंद केलेल्या रिकाम्या खोल्यांची रांग. त्यात आणखी एक, ब्रायोझोआचं आतलं शरीर म्हणजे आतडं-छत्री वगैरे झिजून जातं आणि त्याच खोलीत नवं तयार होतं, तर काही फॉसिलमध्ये त्या जुन्या अवशेषांचे तपकिरी ठिपकेसुद्धा नळीत सापडतात.

मग वरचा पृष्ठभाग. बऱ्याच काड्यांवर नि चपट्या तुकड्यांवर ठरावीक अंतराने, साधारण काही मिलिमीटरवर, घामोळ्यासारखे उंचवटे असतात. बोट फिरवलं तरी लागतात. काही जातींत ते ताऱ्याच्या आकाराचे, कॉन्स्टेलारिया नाव त्यावरूनच, दगडावर चांदण्या पडल्यासारखं दिसतं, नवख्यालाही ओळखू येणारी ही एकच जीनस (जवळच्या जातींचा गट) म्हणा. हे उंचवटे नक्षीसाठी नाहीत. हजारो छत्र्या एकमेकींना चिकटून उघडल्या आणि सगळ्यांनी वरून पाणी आत ओढलं तर वापरलेलं पाणी छत्र्यांच्या खाली साठणार, त्याला बाहेर पडायला वाट हवी. आजच्या जिवंत ब्रायोझोआत असं दिसतं की मधूनमधून जागा मोकळी सोडून तिथून ते पाणी धुराड्यासारखं वर फेकलं जातं. उंचवटे म्हणजे तीच धुराडी असावीत असा अंदाज 1970 च्या दशकात मांडला गेला आणि तो पटण्यासारखा आहे. चाळीच्या भाषेत सांगायचं तर नहाणीची सोय सगळ्यांनी मिळून केलेली, आणि ठरावीक खोल्यांनंतर एक.

आकारावरून समुद्राचा तळ कसा होता ते सांगता येतं का? येतं, पण जपून. चिखल सतत बसत असेल तर आडवं पसरणारी कॉलनी गाडली जाते, उभी फांदी काढणारी तरते, कारण तिची दारं चिखलाच्या वर राहतात. लाटा जोरात असतील तर उंच फांद्या मोडतात, चिकटून पसरलेली पापुद्र्यासारखी किंवा ढेकळासारखी टिकते. पण एकच जात परिस्थितीप्रमाणे आकार बदलते, आणि वादळाने फांद्या मूळ जागेवरून उचलून दुसरीकडे टाकलेल्या असतात, त्यामुळे एका काडीवरून निकाल देऊ नका. एकाच थरातल्या पन्नास काड्या बघा: तुटलेल्या कडा धारदार आहेत की गोल घासलेल्या? धारदार म्हणजे फार लांबून आलेल्या नाहीत. तुटलेल्या टोकावरच नवे झूइड वाढलेले दिसले तर वा, मोडली पण मेली नव्हती, पडल्या जागी परत वाढली.

जाड ढेकूळ असेल तर त्याची कड बघा, थरावर थर असतात बाकरवडीच्या कडेसारखे, आणि दोन थरांमधे कधी चिखलाची रेघ. चिखल अंगावर आला, बहुतेक खोल्या बुजल्या, एखादा कोपरा वाचला आणि तिथून नवा थर सगळ्यांवर पसरला. एकाच कॉलनीचे असे सात-आठ जन्म मोजता येतात. दोन वेगळ्या जातींचे थर असतील तर कोण कोणाच्या वर हे लिहून ठेवा, वरचा नंतरचा, एवढं सोपं.

आणि भोकं! बारीक दारांपेक्षा मोठी गोल भोकं दिसली तर ती दोन प्रकारची असू शकतात, फरक ओळखायची युक्ती एकच. भोकाच्या कडेला लूप लावा: नळ्यांच्या भिंती कचकन कापल्यायत का? मग कोणीतरी नंतर पोखरलंय, इथं असलं पोखरकाम ट्रायपनायटीस नावाने ओळखतात. की भिंती खड्ड्याला वळसा घालून वाढल्यायत? मग तो प्राणी ब्रायोझोआ जिवंत असतानाच तिथं बसला होता आणि चाळीने त्याच्याभोवती बांधकाम केलं. सिनसिनाटीच्या काही ब्रायोझोआवर ताऱ्याच्या आकाराचे खड्डे बोगद्यांनी जोडलेले सापडतात, 1988 मध्ये त्यांना कॅटेलोकॉला नाव मिळालं. तो प्राणी मऊ होता, त्याचं स्वतःचं काही उरलं नाही, फक्त शेजाऱ्यांनी सोडलेली जागा उरली.

इथपर्यंत लूपवर भागतं. जीनस ठरवायची असेल तर आत बघावं लागतं, कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या काड्या आतून भलत्याच निघतात. सिनसिनाटीतच 1857 मध्ये जन्मलेल्या एडवर्ड ऑस्कर उलरिच यांनी आयुष्यभर हेच केलं, काड्या कापून पातळ काप काढायचे नि मायक्रोस्कोपखाली धरायचे, रे बॅसलर त्यांच्याच हाताखाली शिकून पुढे ब्रायोझोआचे मोठे जाणकार झाले. घरी काप काढणं अवघड आहे पण पील, म्हणजे घासलेल्या टोकाचा प्लॅस्टिकवर घेतलेला ठसा, जमतो, आणि करवत नसली तरी चालतं.

काडीचं टोक ओल्या सँडपेपरवर घासून सपाट करा, 220 पासून सुरू करून 400, 600, 1000 असं बारीक करत जा. कोरडं घासू नका, धूळ छातीत जाते. आरशासारखं झालं की धुवा, मग व्हिनेगरमध्ये फक्त तो चेहरा बुडवा (हो, तेच व्हिनेगर, पण यावेळी घड्याळ हातात), चमक जाऊन मंद दिसायला लागलं की लगेच बाहेर, अर्ध्या-एक मिनिटाचं काम. पाण्याने धुवा, बोट न लावता वाळवा. काडी मातीच्या गोळ्यात उभी खोचा, चेहरा वर, त्यावर अ‍ॅसिटोनचे थेंब आणि लगेच सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पातळ तुकडा एका कडेने टेकवत सोडा, बुडबुडा राहू देऊ नका. दाबू नका, चिमटा नका काढू, अर्धा तास विसरून जा. मग हळू सोला. भिंतींची अख्खी नक्षी प्लॅस्टिकवर उतरलेली असते, काचेच्या दोन स्लाइडमधे ठेवून मायक्रोस्कोपखाली किंवा फोनच्या मॅक्रो लेन्सने बघा. ऑफिसमधली ट्रान्सपरन्सी बहुतेक पॉलिएस्टरची असते, ती अ‍ॅसिटोनला दाद देत नाही, माझा एक रविवार त्यातच गेला. आणि अ‍ॅसिटोन पेट घेतो, खिडकी उघडी, गॅस बंद, स्वयंपाकघर तर नकोच.

एक पील पुरत नाही, तीन लागतात: काडीला आडवा, मधोमध उभा, आणि पृष्ठभागाच्या जरासा खाली त्याला समांतर. आडव्यात गाभा नि कड, उभ्यात फरश्या, समांतरमध्ये मोठ्या नळ्यांच्या मधल्या बारक्या नळ्या आणि भिंतीतल्या काट्यांचे ठिपके. तिन्ही हातात असतील तर ड्राय ड्रेजर्सच्या मीटिंगला घेऊन जा, 1942 पासून चालू असलेला इथला हौशी लोकांचा ग्रुप आहे, नावच मस्त, कोरड्या समुद्रातून गाळ उपसणारे.

भारतातल्या वाचकांसाठी एवढंच की महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्ह्याचा दगड, त्यात समुद्री फॉसिल शोधू नका. पण वर नर्मदेकडे, मध्य प्रदेशात बाघला, क्रिटेशियस काळाचे (डायनोसॉरच्या शेवटच्या काळातले) समुद्री थर आहेत आणि तिथल्या एका चुनखडीला कोरलाइन लाइमस्टोन म्हणतात, ज्यात खरं तर ब्रायोझोआ भरलेत, तोच जुना गोंधळ नावात राहिलाय. त्यांचं वर्णन भूशास्त्रज्ञ चिपळोणकरांनी 1939 मध्ये छापलं. संरक्षित जागेत मात्र फक्त बघायचं. आणि जिवंत बघायचे तर कोकणात किनाऱ्यावर पडलेला रिकामा शिंपला उलटा करा, आत पांढरी लेससारखी जाळी चिकटलेली असते, लोक नखाने खरवडून टाकतात. तिला लूप लावा, दारं ओळीने दिसतील. जात वेगळी, ओहायोच्या दगडी काड्यांचं कूळ ट्रायसिकमध्येच (साधारण 20 कोटी वर्षांपूर्वी) संपलं, पण चाळ बांधायची रीत तीच.

लेबल त्याच दिवशी लावा, जागा, थर माहीत असेल तर थर, तारीख. नेलपॉलिशचा एक ठिपका लावून त्यावर पेनने नंबर टाकला की पुसला जात नाही. आईची ती पहिली ओंजळ वेगळ्या डबीत आहे, एकवीस काड्या, नंबर घातलेत, तळ बघून झालाय, सहा शिंपल्यावरच्या निघाल्या, बाकीच्यांची खालची बाजू तुटून गेलेली. जीनसच्या रकान्यात अजून प्रश्नचिन्ह आहे.